मधले नऊ ठिपके

मी एकतीस वर्षं लोकांच्या तोंडावरचे डाग पुसत आले. ऐकायला हे ब्युटी पार्लरसारखं वाटतं, पण मी होते फोटोच्या लॅबमध्ये. आधी आमच्या ह्या उत्तरेकडच्या शहरात, महाराज बाडा नावाच्या चौकाजवळच्या एका गल्लीत, आणि लॅब सिटी सेंटरला गेली तेव्हा तिच्याबरोबर मीही तिकडे गेले. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो, जे काही छापून बाहेर जाई ते माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय जात नसे. ह्या अंकाच्या संपादकबाईंना वाटलं होतं की मी गमतीजमती लिहीन. गमती आहेत, सांगतेच. पण लिहायला बसले की मन एकाच फोटोकडे जातं.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर माझी चूक समजायची नाही.

रिळाच्या काळात निगेटिव्हवर धुळीचा एवढासा कण बसला की मोठ्या फोटोत तिथे पांढरा ठिपका उमटायचा. नवरीच्या काळ्याभोर केसांत असे पंधरा ठिपके म्हणजे तिला कोंडा झाल्यासारखं दिसे. ते ठिपके रंगाने एकेक भरून टाकायचे, ह्याला आम्ही स्पॉटिंग म्हणत असू. त्यासाठी तीन शून्यांचा ब्रश, म्हणजे टोकाला मोजून चार केस असलेला. तो ओठांवर ओला करायचा, बशीत वाळलेल्या रंगाला लावायचा आणि श्वास रोखून ठिपक्यावर टेकवायचा. ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. रंग जास्त झाला की पांढऱ्याचा काळा ठिपका होतो आणि मग फोटो पुन्हा छापावा लागतो. संध्याकाळी घरी गेल्यावर भाजीलाही त्या रंगाची चव लागायची. पुढे संगणक आला, ब्रश डबीत गेला, पण काम तेच राहिलं. ठिपका शोधायचा, शेजारचा रंग उचलायचा आणि त्यावर बसवायचा.

मला हे शिकवणाऱ्या उस्तादांचा एकच नियम होता. "पहले चेहरा, फिर कपड़ा, फिर दीवार." बघणाऱ्याची नजर आधी जिथे जाते तिथून साफ करत बाहेर यायचं. आमच्या हजीरा भागातली गिरणी बंद पडून ह्यांची नोकरी गेली होती, घरात दोन मुलं होती, आणि मला शिवणाशिवाय काही येत नव्हतं. तेव्हा मी तो नियम मंत्रासारखा पाठ केला. सुईत दोरा ओवणारे डोळे तयारच होते. दोन वर्षांत बाड्यावरचे फोटोग्राफर सांगू लागले की काम ताईजींच्या हातून जाऊ द्या. मला ह्याचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

एकदा एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून नवऱ्या मुलाच्या फूफाजींना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, काढायचं काम आलं. मांडवात भांडण झालं होतं. फूफाजी मधोमध उभे होते. मी त्यांना काढलं, मागची कनात जोडली आणि शेजारच्या बाईंचा अर्धा हात नव्याने तयार केला. दोन वर्षांनी तेच लोक परत आले, कारण समेट झाला होता. आता फूफाजींना पुन्हा आत घ्यायचं होतं. जुनी फाइल नव्हती, मग दुसऱ्या लग्नातले फूफाजी आणून उभे केले. त्या फोटोत सगळे मे महिन्यात घामाघूम आहेत आणि फूफाजी स्वेटर घालून हसताहेत.

दुसरा एक पहिलवान. आखाड्यातला, पन्नाशीचा, सत्कारासाठी मोठा फोटो हवा होता. त्याचे दोन्ही कान चुरगळून गाठी झालेले. मी दयाळूपणाने ते नीट केले, चांगले पाकळीसारखे केले. फोटो बघून तो इतक्या मोठ्याने ओरडला की काउंटरवरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. "ताईजी, ये कान मुफ्त में नहीं मिले. बारह साल मिट्टी खाई है, तब बने हैं. आपने तो मुझे बनिया बना दिया!" आम्ही आठवडाभर हसत होतो. मी कान परत केले, पण त्यातून शिकले काही नाही. शिकले असते तर पुढचं घडलं नसतं.

मुक्ता आली ती मार्चमधल्या एका शनिवारी. हरिशंकरपुरममध्ये राहणाऱ्या वसंतरावांची मुलगी. वसंतराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आमचा दूरचा संबंध, गणपतीत भेटणं व्हायचं. मुलगी इंजिनिअर झाली होती, पण नोकरीत मन नव्हतं. दोन हिवाळे ती शहराबाहेर तिघरा धरणाच्या पलीकडे कुणाच्या तरी शेतावरच्या गच्चीवर दुर्बीण लावून आकाशाचे फोटो काढत होती, एवढं मला ऐकून माहीत होतं. पेन ड्राइव्ह हातात धरून ती माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"काकू, मला इंटरव्यूसाठी बोलावलं आहे. साउथला एक वेधशाळा आहे न, तिथे. निरीक्षण-सहायकाची पोस्ट आहे. पाच जणांना बोलावलंय. आपण काढलेला एक फोटो मोठा छापून न्यायचा आणि कमिटीसमोर पंधरा मिनिटं त्यावर बोलायचं, बस."

"कधी आहे?"

"मंगळवारी अकराला. उद्या दुपारची गाडी आहे माझी." मग आवाज खाली करून म्हणाली, "बाबांनी क्लियर सांगितलंय, हे लास्ट आहे. नाही झालं तर बँकेचा फॉर्म भरायचा."

तिने फाइल उघडून दाखवली. काळ्या आकाशात लाल रंगाचं भलं मोठं फूल. तिने सांगितलं की हा तेजोमेघ आहे, मृग नक्षत्राच्या शेजारी, म्हणजे वायू आणि धूळ ह्यांचा अफाट ढग, आणि त्यात तारे जन्माला येतात. गुलाबासारखा दिसतो म्हणून जगभर त्याला रोझेट म्हणतात. पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो घेऊन ते एकावर एक रचले तेव्हा तो दिसला. मी हो हो म्हणत होते. खरं सांगायचं तर ऐकत नव्हते. सहायलग, म्हणजे इकडची लग्नसराई, चालू होती, माझ्याकडे सहा अल्बम पडलेले होते.

"काकू, खालच्या उजव्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचे दोन-चार खोटे ठिपके राहून गेले आहेत. ते तारे नाही आहेत. तेवढे आपण बघून घ्याल का? माझे डोळे आता दुखून गेले."

"तू निर्धास्त जा," मी म्हणाले. "संध्याकाळी येऊन घेऊन जा."

खालचा उजवा कोपरा. तिने स्पष्ट सांगितलं होतं. पण एकतीस वर्षांचा हात कोपऱ्यातून सुरुवात करत नाही. दुपारी फोटो पडद्यावर उघडला, माझी नजर आधी गेली मधोमध, आणि तोच माझ्यासाठी चेहरा झाला. फुलाच्या मध्यभागी एक पोकळ जागा होती, निळसर काळी, आणि त्या पोकळीत घोळक्याने बसलेले पांढरे ठिपके. आठ-नऊ ठळक आणि मध्ये मध्ये बारीक. निगेटिव्हवर धूळ अशीच घोळक्याने बसते. मला वाटलं, एवढं सुंदर फूल आणि ऐन मध्यात ही घाण! बिचारीचे डोळे दुखत होते, तिला दिसलं नसेल. मी एकेक करून ते सगळे पुसले. शेजारचा निळसर काळा रंग उचलून असा बसवला की कुणाच्या बापाला कळू नये. मग बाहेरच्या बाजूला आले तर ठिपके हजारोंनी. तिथे मात्र मला अक्कल आली की हे तारे आहेत, आकाशात असायचेच, आणि मी ते सोडून दिले. कोपऱ्यातले चार खोटे ठिपके शोधून काढले आणि खुर्ची मागे घेऊन बघितलं. पोकळी स्वच्छ, गुळगुळीत. मी स्वतःवर खूश झाले, हे लिहायला आज लाज वाटते.

मोठा फोटो छापला की आम्ही त्यावर पातळ कागद घालून गुंडाळी करतो, नळीत घालतो आणि टोकं चिकटपट्टीने बंद करतो. रंग पूर्ण बसेपर्यंत उघडायचा नाही, बोटं लागली तर ठसे उमटतात. मुक्ता संध्याकाळी धावत आली. तिने विचारलं, "एकदा बघू का?" मी म्हणाले, "तिथे पोचल्यावर उघड, बाळा." तिने वाकून नमस्कार केला आणि नळी खांद्याला लावून गेली.

रविवारी दुपारी वसंतराव आले. मुलीला गाडीत बसवून, वाटेत कचोऱ्या घेऊन थेट लॅबमध्ये. हिवाळाभर कानटोपी घालून त्या गच्चीवर मुलीला रागे भरत बसलेला हा माणूस त्या दिवशी निराळाच दिसत होता. गिऱ्हाईकांच्या बाकावर बसून मला म्हणाला, "वहिनी, फोटो तर आपणच छापलात, पण आपल्याला माहीत आहे का त्यात काय आहे?"

"तेजोमेघ," मी कचोरी मोडत म्हणाले.

"ते तर झालंच. पण मधलं भोक बघितलं न? ते रिकामं नाही आहे. तिथे नवे तारे आहेत, एकदम तरुण. त्या ढगातूनच जन्मले आणि जन्मल्याबरोबर असा वारा सोडला त्यांनी, असा ताप, की मधला सारा वायू धकलून दिला. म्हणून ते भोक. आणि बाकीचा जो लाल चमकतो आहे, तो पण त्यांच्याच उजेडाने. ते मधले नऊ-दहा नसते न, तर ना भोक असतं, ना लाली. काळं ते काळं. मुक्ता म्हणते, बाबा, मी पंधराच्या पंधरा मिनिटं फक्त ह्या मधल्या ताऱ्यांवर बोलणार आहे." मग हसून म्हणाले, "मी म्हटलं, बोल. आता मलाही पाठ झालंय."

मी कचोरी खाली ठेवली. मी काहीतरी कारण सांगून टेबलाशी गेले, मूळ फाइल आणि माझी फाइल शेजारी शेजारी उघडल्या. तिच्या फाइलमध्ये मध्यभागी ठळक नऊ तारे होते, मोजले मी. माझ्या फाइलमध्ये नव्हता एकही. ज्यांनी ते फूल घडवलं तेच मी पुसले होते, आणि ती पोरगी चार अनोळखी माणसांसमोर नळी उघडून बोट दाखवणार होती त्या रिकाम्या जागेवर.

वसंतरावांना मी त्या वेळी काही बोलले नाही. धीर झाला नाही. ते गेल्यावर मालकांना सांगितलं. आमचे मालक माणूस चांगले, पण धंदेवाले. ते म्हणाले, "अरे ताईजी, कौन गिनेगा? आसमान है, बारात का ग्रुप फोटो थोड़ी है कि फूफाजी गायब हो गए तो झगड़ा हो जाएगा." मग मोबाइल पुढे केला. "देखिए, लोग तो जान-बूझकर तारे हटाकर भी बनाते हैं. फैशन है. और अभी बताओगी तो बच्ची घबरा जाएगी. इंटरव्यू हो जाने दो, फिर बता देना."

खरं सांगते, मला ते पटावं असं फार वाटलं. सांगितलं तर ती घाबरेल, हे खरंच होतं. नाही सांगितलं तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. तासभर मी एका नवरीचा अल्बम उघडून बसले आणि एक ठिपका हलला नाही. शेवटी फोन उचलला, कारण माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. ती बोट दाखवते आहे आणि त्या बोटाखाली काही नाही.

फोन लागेना. गाडी झाशी सोडून पुढे गेली असणार. पाच वेळा, दहा वेळा, "आप जिस नंबर पर..." ती बाई माझ्याशी इतकं गोड बोलत होती की मला तिचाच राग यायला लागला. पाचच्या सुमाराला घंटा वाजली.

"हां काकू, बोला न!" आनंदी आवाज. मागे चहावाल्याची हाक.

मी एका दमात सांगितलं. मध्ये थांबले असते तर बोलले नसते.



"काकू, कोणते? बीचवाले?"

"हो."

"सारे?"

"सगळे."

मग ती अगदी हळू म्हणाली, "मी तर कोपरा सांगितला होता." आणि फोन बंद झाला. गाडीमुळे की तिने केला, हे मी कधी विचारलं नाही.

मग मी जे केलं ते पश्चात्ताप म्हणून नाही, धंद्याची माणूस म्हणून केलं. आम्हाला कागद पुरवणाऱ्या माणसाकडून, मुक्ता चालली होती त्या शहरातल्या लॅबचे नंबर घेतले. रविवार, निम्म्या बंद. एकाकडे तो कागद नाही, एकाकडे एवढं मोठं मशीन नाही, एक म्हणाला बुधवारी या. सोमवारी सकाळी एक सापडला. त्याला मूळ फाइल पाठवली, मुक्ताला त्याचा पत्ता पाठवला. तिचं उत्तर आलं, नुसतं "ठीक". तिची गाडी दुपारी पोचायची होती. ती चार तास उशिरा धावत होती. आणि तो आठला दुकान बंद करणार होता.

त्या दिवशी मी वसंतरावांना बोलावून खरं सांगितलं. मला वाटलं, आवाज चढवतील, आणि चढवायलाच हवा होता. ते बाकावर बसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. "मी दोन वर्षं तिला म्हणत होतो, सोड हे," म्हणाले. "आता सोडावं लागलं तर मला कसं वाटेल, वहिनी, हे आज कळतंय." मला ते एक शब्दही लावून बोलले नाहीत. दिवसभर तिथेच बसून राहिले. मी सांगते, शिव्या सोप्या असतात.

साडेसहाला त्या लॅबमधून फोन आला. तिथला ऑपरेटर, हिंदी तोडकी पण माणूस मायाळू. "मैडम, फाइल देखा. बहुत अच्छा पिक्चर है. सेंटर में थोड़ा डस्ट है. क्लीन करके देगा? एक्स्ट्रा चार्ज नहीं."

मी खुर्चीतून उभीच राहिले. "नहीं! हाथ मत लगाना! एक दाना भी मत हटाना, भैया, आपको मेरी कसम!" आवाज इतका चढला की मालक केबिनमधून बाहेर आले. पलीकडचा माणूस गांगरला. "ओके मैडम, ओके. लेकिन सेंटर में है न, अच्छा नहीं लगता." तो हुबेहूब मी होता. हजार मैलांवर बसून तो आधी चेहऱ्याकडे गेला होता. मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही आलं. मी त्याला नीट समजावलं की ती धूळ नाही, ते तारे आहेत, आणि बाकी सगळं त्यांच्यामुळे आहे. तो म्हणाला, "अच्छा?" आणि थोड्या वेळाने, "मैं रुकता है मैडम, लड़की आने तक." तो साडेनऊपर्यंत थांबला आणि फोटो तिच्या हातात देऊनच घरी गेला. त्या माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण दिवाळीला त्याला फोन करते.

मंगळवारी अकरा वाजता मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काही केलं नाही. दोन वाजता वसंतरावांना तिचा निरोप आला, "झालं. कळवतील." मला काही आलं नाही.

चार दिवसांनी कळलं. पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं होतं. मुक्ता प्रतीक्षायादीत होती.

पुढचे तीन आठवडे मी काम करू शकले नाही, असं म्हटलं तर चालेल. पडद्यावर ठिपका दिसला की हात थांबायचा. हनुवटीवरचा तीळ, कपाळावरची जुनी खोक, देवीचा व्रण, सगळं तसंच जाऊ लागलं. काउंटरवर जाऊन मी गिऱ्हाईकांना विचारू लागले, "भैया, ये दाग आपका है या धूल का है?" एक नवरी रागावून गेली. एक म्हातारे गृहस्थ मात्र खूश झाले, म्हणाले, ही खूण लहानपणी किल्ल्याच्या उतारावरून सायकलवरून पडलो त्याची आहे, राहू द्या. मालकांनी मला डोळे तपासून यायला सांगितलं. डोळे ठणठणीत होते.

त्या तीन आठवड्यांत बँकेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. मला ती वसंतरावांनीच कधीतरी सांगितलेली, म्हणून लक्षात होती. त्या दिवशी ते लॅबवर आले, काही काम नव्हतं. चहा घेतला, हवेवर बोलले. जाताना म्हणाले, "फॉर्म मी आणूनच नाही दिला तिला." आणि पायऱ्या उतरून गेले.

आठवड्याने बोलावणं आलं. पहिल्या माणसाने दुसरीकडे नोकरी धरली होती. मे महिन्यात मुक्ता रुजू झाली आणि जूनमध्ये मी लॅब सोडली. मालक म्हणाले, थांबा. मी म्हटलं, हात अजून चांगला आहे, तोवरच बरं. खरं कारण त्यांनाही माहीत होतं.

माझ्या चुकीमुळे ती पहिल्या नंबरावरून घसरली का? हा प्रश्न मी मनातल्या मनात किती वेळा विचारला असेल. ह्या दसऱ्याला ती घरी आली तेव्हा तोंडाने विचारला. ती आमच्या हजीऱ्याच्या घरी आली होती, खांद्याला तीच नळी लावून.

"माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "त्या लॅबचा लाल थोडा नारिंगी आला होता, त्यांनी त्यावर विचारलं. मी रात्रभर झोपले नव्हते, तर एक-दोन उत्तरं बिगडून गेली. त्याने फरक पडला की नाही, कोण सांगणार?" मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मला खूप राग आला होता आपला. अजून थोडा आहे."

"असू दे," मी म्हणाले. त्याहून दुसरं काय म्हणणार?

तिने नळी उघडली. आतून माझा फोटो निघाला, तो पुसलेला. तिने तो जपून ठेवला होता. खिडकीशी टेबलावर उजेडात पसरला आणि शेजारी मूळ फोटोची छोटी प्रत ठेवली. माझ्या हातचं काम मी नीट न्याहाळलं. काम चोख होतं. लाल पाकळ्या होत्या तशाच, आणि मध्ये ती गुळगुळीत पोकळी.

"आता तारे टाका परत," मुक्ता म्हणाली.

"कमिटीला हा थोडाच दाखवायचा आहे आता?"

"मला पाहिजे. आपल्या हाताने."

मी कपाटातून डबी काढली. तीन शून्यांचा ब्रश, किती वर्षांनी हातात घेतला. बशीत पांढरा रंग कालवला. ह्या ब्रशाने मी जन्मभर पांढरं झाकलं होतं, पांढरा रंग त्याला कधी लागलाच नव्हता. ओठांवर टोक ओलं केलं, श्वास रोखला. मुक्ता वाकून सांगत होती, हा इथे, हा थोडा वर, काकू, हा जरा मोठा, हा सगळ्यात तेज आहे. नववा ठिपका झाला तेव्हा ती सरळ झाली, मागे गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"बस," ती म्हणाली. "आता हा आपल्याकडे ठेवा."

तो आमच्या बैठकीत लावला आहे, काचेच्या चौकटीत. दिवाळीच्या साफसफाईला आमची कामवाली मुन्नी स्टुलावर चढली आणि ओल्या फडक्याने मधोमध घासू लागली. "ताईजी, बीच में धूल है, जा ही नहीं रही."

मी म्हटलं, "छोड़ दे बेटा. वो नहीं जाएगी."